एकाच पातेल्यातली पाच पिल्लं

मंगळवारी सकाळी खोक्यात मांजरीची पाच पिल्लं होती: तीन करडी, एक काळं, एक पांढरं. शिंकणारं एकच, पांढरं. आत्या त्याला चिमटी म्हणायची. त्यांची आई आठवडाभर परतली नव्हती, म्हणून बाटलीने दूध आम्हीच पाजत होतो. काका गेल्यापासून आत्या पहिल्यांदाच वेळेवर उठायला लागली होती.

रोज सातला मी वजनं वहीत लिहायचे. काट्यावर पातेलं, पातेल्यात फडकं, फडक्यावर पिल्लू. क्रम ठरलेला, हलक्यापासून जडाकडे. धडधाकट पिल्लू दिवसाला दहा ग्रॅम तरी वाढतं. ‘पिल्लं आहेत की बटाटे?’ असं आत्या चिडवायची, पण आकडे ऐकल्याशिवाय चहाला हात लावायची नाही.

चिमटीला मी त्याच दिवशी वेगळ्या खोलीत हलवलं. बाटली वेगळी, टॉवेल वेगळा. कोमट मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून नाक-डोळे पुसले, न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत तिला मांडीवर घेऊन बसले. शुक्रवारी ती गेली. पुढच्या गुरुवारपर्यंत तिन्ही करडी गेली. काळं शिंकत होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि काय काय वेगळं ठेवलं होतं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. हात किती वेळा धुतले, तेसुद्धा.

“आणि वजन?”

“वजन एकाच पातेल्यात. फडकंही तेच.”

“आधी कुणाचं?”

आत्याच म्हणाली, “सगळ्यात हलकं. चिमटी.”

लागण त्याआधीही झाली असेल, नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. घरी आल्यावर मी काटा कपाटात ठेवायला निघाले. आत्याने तो माझ्या हातातून घेतला आणि ओट्यावर ठेवला.

“फडकं उकळ. पण वजन कर. हे तरी राहतंय का, ते मला कोण सांगणार?”

दर वेळी पाजण्याआधी आम्ही काळ्याचं नाक मोकळं करत होतो, कारण नाक चोंदलं की त्याला दूध ओढता येत नाही.

शनिवार, सकाळी सात. आत्याचा चहा ओट्यावर, ती काट्यासमोर. काल तीनशे चार ग्रॅम. आज तीनशे सात.