धुऱ्यावरची तूर

धान कापून झालं होतं. लहान लहान बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, धुऱ्यांवर, मधल्या मातीच्या बांधांवर, मात्र बाबांनी पेरलेली तूर अजून उभी होती. तिला शेंगा धरायच्या आतच बाबा गेले. आता बैल सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून प्रमिलाने तुमसरच्या दुकानदाराला दोन ट्रॅक्टर दाखवायला बोलावलं होतं, एक मोठा, एक ठेंगणा.

"मोठाच घे," बाबांचे भाऊ यादोरावकाका म्हणाले. "हा लहाना तं खेळन्यावानी दिसते. गाव हासन."

मोठा ट्रॅक्टर बांधीत उतरला, पण टोकाला वळता वळेना.

"दोन धुरे फोडू, अन् काय!"

"मग पाणी कुठं थांबन, काका? वावर उताराचं आहे."

"आता तू शिकव मले धान!"

प्रमिलाने धुऱ्यावरच्या तुरीकडे पाहिलं. पाण्याचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

मग ठेंगणा उतरला. धुऱ्याच्या कडेने तो सहज वळला. तुरीच्या फांद्या चाकाला घासून सळसळल्या, पण मोडल्या नाहीत.

काकांनी एक शेंग तोडली, हिरवे दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

"भाऊची तूर यंदा भरली," ते म्हणाले. "लहानाच घे. हासलं गाव तं हासू दे."