निळा कंटेनर: दुकान की सामान?

मी एक निळा कंटेनर बोलतोय, बिश्केकच्या बाजारातला. आत्ता क्रेनला टांगलेला आहे, म्हणून आवाज जरा कापतोय.

चीनमधून चपला भरून आलो, तो परत गेलोच नाही. इथल्या लोकांनी मला दार कापलं, वीज दिली, दुकान केलं. बुरुलकान-एजे, म्हणजे बुरुलकानताई, अकरा वर्षं माझ्यात भाड्यानं लोकरी सपाता विकत होत्या. हिवाळ्यात माझ्या भिंती गारठायच्या, तरी बाई चहावर दिवस काढायच्या.

मग मालकानं मला विकायला काढलं. "पंधरा दिवसांत घ्या, नाहीतर दुसऱ्याला देतो." एजेंचं धाबंच दणाणलं.

मला विकत घ्यायला त्यांनी कर्ज मागितलं, तसा बँकेचा साहेब आला. व्याज वर्षाला बावीस टक्के. त्यानं मला ठोकून पाहिलं. "याला पाया नाही, जागा बाजाराची. ही स्थावर मिळकत नव्हे, सामान. तारणाला राहतं घर द्या."

सामान? मग अकरा वर्षं मी दुकान होतो ते काय? माझं तर डोकंच चालेना.

मग आले तोक्तोसुन-बायके, म्हणजे तोक्तोसुनदादा. एजेंच्याच कुळातले, खासगी कर्ज देणारे. त्यांना मी चाललो! "घर राहू दे, हा कंटेनरच तारण. महिन्याला फक्त तीन टक्के."

ते गेल्यावर एजे हरखून म्हणाल्या, "बघ, कुठे बावीस आणि कुठे तीन!"

सून नुरझात कॅल्क्युलेटर बडवत सासूला म्हणाली, "अपा, ते तीन महिन्याचे. वर्षाचे छत्तीस झाले! आणि फेडत गेलो तरी व्याज पूर्ण रकमेवर, की उरलेल्या? हप्ता चुकला तर काय? विचारा ना त्यांना."

"गप गं! आपल्या दस्तरखानावर जेवायला बसून नान मोडलंय त्यांनी. घरच्या माणसाला असलं विचारायचं? लाजेनं मरेन मी."

बावीस, तीन, छत्तीस... मी पुरता गोंधळलो. सही झाली.

व्याज पूर्ण रकमेवरच होतं. यंदा गिऱ्हाईक आटलं, दोन हप्ते चुकले, आणि आज क्रेन आली. बायके स्वतः आले नाहीत. एजेंसमोर यायची त्यांना म्हणे लाज वाटते!

मी दुकान होतो की सामान, मला अजून कळलेलं नाही. पण बाबांनो, तुम्ही सहीआधी विचारा. घरच्या माणसालाही विचारा.

खाली माझ्या मापाची कोरडी जागा दिसतेय. तिथे एजे सपातांचं गाठोडं कवटाळून उभ्या आहेत. "विचारायला हवं होतं गं," त्या सुनेला म्हणतात. इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच उघड्यावर आल्यात, आणि बर्फ पडायला लागलाय.