चोवीस पडद्यांचं मेण

विद्यापीठाच्या मेकरस्पेसच्या दारावर नोटीस लागली तेव्हा ऊर्मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्यात सहा आठवडे संशोधन करायची संधी. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सगळी अवजारं वापरायला मोकळी. अट एकच, प्रश्न स्वतःचा हवा. वर्गातल्या बहुतेकांनी ड्रोन ठरवून टाकले. ऊर्मीला काहीच सुचत नव्हतं.

प्रश्न तिला घराच्या जिन्यात भेटला. तिचे बाबा चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात. चार वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली आणि हे कुटुंब महाराष्ट्रातून तिथे शेजारच्या अंबत्तूरला आलं. त्याच इमारतीत सगळ्यात वर विजयलक्ष्मी मामी राहायच्या आणि वीणा शिकवायच्या. मामी तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुनं, तमिळ हेलाचं. ऊर्मीला ते ऐकायला फार आवडे.

त्या दिवशी मामी कपाळाला आठ्या घालून जिना चढत होत्या.

"काय झालं, मामी?"

"पडदे खचले ग. गेल्या दिवाळीसच नवे बसविले होते. ह्या उन्हात मेण लोण्यासारखं होतं, मी काय करूं?"

त्यांनी तिला वर नेऊन दाखवलं. वीणेचे चोवीस पितळी पडदे काळ्या मेणाच्या दोन पट्ट्यांवर बसवलेले असतात. त्यातले तीन चक्क तिरके झाले होते. तिथे बोट ठेवून मामींनी तार छेडली. सूर बेसूर लागला.

"पण मेणच कशाला हवं?" ऊर्मीने विचारलं, आणि घरी येऊन हाच प्रश्न अर्जात लिहिला.

मेकरस्पेस सेतुमाधव सर सांभाळायचे. ओरगडमच्या मोटार कारखान्यात वीस वर्षं काढून ते इथे आले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"तुला वीणा वाजवता येते?"

"नाही, सर."

"मग वाजवणारं माणूस सोबत घे. नाहीतर स्वतःच स्वतःला पास करत बसशील."

पहिले दोन आठवडे ऊर्मीने मेणाऐवजी बसवायला प्लास्टिकच्या पट्ट्या छापल्या. पडदे त्यात असे घट्ट बसले की तिला हसू आवरेना. मामींनी शिकवण्याची जुनी वीणा दिली, पट्ट्या लावू दिल्या, आणि पाच मिनिटं डोळे मिटून वाजवलं.

"हालत नाही, हे बरं," त्या म्हणाल्या. "पण सूर लागतो न लागतो तों मरतो. आणि एखादा पडदा दोऱ्याएवढा सरकवायचा झाला तर? मेणास थोडं ऊन केलं की ऐकतं. हे ऐकायचं नाही."

ऊर्मीचं तोंड उतरलं. मामींनी तिच्यापुढे ताकाचा पेला ठेवला आणि त्या पुढच्या शिष्येला शिकवायला बसल्या.

मेण ठेवायचंच, तर ते नेमकं किती उष्णतेला हार मानतं हे तरी मोजू, असं तिने ठरवलं. लेझरवर प्लायवूड कापून तिने पेटी केली, आत बल्ब, तापमान मोजायचा सेन्सर आणि पडदा किती खचला ते दाखवणारा काटा. मेणात राळ कमीजास्त घालून चार मिश्रणं केली, शिवाय मामींच्या वीणेचं खरवडून आणलेलं मेण. अडतीस अंश. चाळीस. बेचाळीस. एकही पडदा खचला नाही. त्या मे महिन्यात चेन्नईचा पारासुद्धा एकेचाळीसच्या वर गेला नव्हता.

"माझी पेटी चुकतेय, सर."

सरांनी दुसरा तापमापक लावून पाहिला. "पेटी बरोबर आहे. मग काय राहिलं?"

"वीणा."

"तर मग तिच्याकडे जा."

ऊर्मीने काडेपेटीएवढा सेन्सर वीणेच्या दांडीला बांधला. तीन दिवसांनी आलेख उघडला आणि ती बघतच राहिली. खोलीत छत्तीस अंश असताना, दुपारी चारला, दांडीजवळ सत्तेचाळीस. ती धावत वर गेली आणि वीणेमागच्या भिंतीवर तिने हात ठेवला. भिंत तव्यासारखी तापली होती. पश्चिमेची भिंत.

"मामी, वीणा इथे कधीपासून ठेवता?"

"चौदा वर्षं झाली असतील."

"ती समोरच्या भिंतीला ठेवायची."

"इतकंच?"

"इतकंच."

मामी हसायला लागल्या, मग ऊर्मीही. पण जिना उतरता उतरता तिचं हसू मावळलं. संशोधनाचं उत्तर काय, तर वीणा हलवा. दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारलं, "याला संशोधन म्हणतात का?"

"एका घरात झालं तर योगायोग म्हणतात. आणखी घरं बघ."

मामींनी शिष्यांना फोन लावले. नऊ घरांनी होकार दिला. ऊर्मी सेन्सर घेऊन टी. नगरपासून आवडीपर्यंत बसने फिरली, घरोघरी खाऊ खाल्ला. पाच घरांत पडदे खचलेले निघाले. त्यातल्या चार घरांत वीणा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली, पाचव्यात फ्रिजच्या मागे. इकडे पेटीत जास्त राळेची दोन मिश्रणं सत्तेचाळीसलाही टिकली. एक मामींनी ठिसूळ म्हणून नाकारलं. दुसऱ्यावर वाजवून त्या म्हणाल्या, "हे ऐकतं."

सादरीकरणाला मामी रेशमी साडी नेसून मागच्या रांगेत बसल्या होत्या. परीक्षकांनी विचारलं, "जागा बदलली की झालं. मग नवं मेण कशाला?"

ऊर्मीला मांबलमला राहणारी मामींची एक शिष्या आठवली. "एका खोलीत चौघं राहतात, सर, तिथे वीणेला दुसरी भिंत नसते."

परीक्षकांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

"विचारा की अजून," मामी मागून म्हणाल्या, "ती सांगेल."

सगळे हसले, परीक्षकही. तिचं काम पुढच्या सत्रातही चालू ठेवायचं ठरलं, मदतीला पहिल्या वर्षाच्या दोघी. आठवड्याभराने मामींच्या वीणेला पडदे बसवणाऱ्या कारागिराचा फोन आला. मेण तपासायची ती पेटी माझ्या दुकानाला करून देता येईल का, असं तो विचारत होता. ऊर्मीने हो म्हटलं आणि त्या दोघींना घेऊन ती प्लायवूड निवडायला गेली.