जानरावांचा पुकारा

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरची खुर्ची पुसताना जानराव गावंड्यांना सगळीकडे नफाच दिसत होता. वॉर्ड महिलेसाठी राखीव निघाला म्हणून त्यांनी बायकोला, दुर्गाबाईंना, उभं केलं होतं आणि त्या निवडून आल्या होत्या. म्हणजे खुर्ची शाबूत, सकाळचा दरबार शाबूत, लग्नातलं पहिल्या पंगतीचं पान शाबूत. खर्चाच्या बाजूला एकच कलम, बायकोची सही. ती आपल्या खिशातच आहे, असं ते धरून चालले होते.

मूर्तिजापूरच्या कोर्टात अर्धं आयुष्य त्यांनी पुकारा दिला. दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा घ्यायचं, एवढंच काम. पण आवाज असा की टपरीवरचा माणूस कप टाकून धावत यायचा. पुढे नोकरी सोडून नगरपालिकेला उभे राहिले, तेव्हा आश्वासनं दिलीच नाहीत. दारोदार जाऊन प्रत्येकाला बापाच्या नावासकट हाक मारली. त्यानंतर वॉर्डानं त्यांना कधी घरी बसवलं नाही.

दरबार भरला. पुढच्या दांडग्यांनी नळाचं अन् नालीचं गाऱ्हाणं एकदमच सुरू केलं. दुर्गाबाई चहा घेऊन आल्या. इतकी वर्षं त्या ट्रे ठेवून आत जात. आज थांबल्या. मागे खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्या गोदाबाईकडे पाहत राहिल्या.

"आवो, उठा."

"काहून?"

"मी बसतो तिथं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"अवं, लोकं पाहून रायले."

"पाहू द्या. ज्याचा आवाज मोठा, त्याचंच काम होऊन रायलं इथं. गोदाबाई कवाची उभी हाय? तुमी दारात उभे राहा अन् एकेकाचं नाव पुकारा. तुमच्यावाणी पुकारणारा गावात दुसरा हाय कोण?"

आधीच्या वाक्यांचा राग आणि शेवटच्या वाक्याची गोडी यांची वजाबाकी करायला जानरावांना जरा वेळ लागला. मग उठले. सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि दारात ताठ उभे राहिले.

"गोदाबाई सुपडा इंगळे, हाजिर होऽऽ!"

गल्ली दणाणली. शेजारच्या उत्तमरावांची जवानी शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या, दाव्यात कोर्टात गेलेली. नाव दुसऱ्याचं असूनही ते सवयीनं चपला काढून हात जोडून उभे राहिले.

"बसा, उत्तमराव," जानराव म्हणाले, "तुमचा निकाल लागून जमाना झाला."

ओसरी हसली, उत्तमरावही हसले. गोदाबाई पदर सावरत पुढे आली आणि प्रथमच खुर्चीसमोर बसून बोलली. दुपारपर्यंत रांग हलत राहिली. जानरावांचा घसा बसला, पण हजर नसलेल्याला तीन पुकारे दिल्याशिवाय त्यांनी पुढचं नाव घेतलं नाही.

चहा मात्र थंड होऊन गेला होता. दुर्गाबाई सह्या करत होत्या, तेव्हा जानरावच आत गेले. दूध उतू गेलं, बोट भाजलं. साखरेच्या डब्यात चमचा घातला आणि तिथंच अडकले. उरलासुरला आवाज गोळा करून त्यांनी स्वयंपाकघरातून पुकारा दिला.

"दुर्गाबाई जानराव गावंडे, साखर किती घेता होऽऽ?"

ओसरीवरच्या साऱ्या माना दुर्गाबाईंकडे वळल्या. जानरावांच्या दरबाराची किंमत आजवर चुलीपाशी कोणी भरली, ते साऱ्या वॉर्डाला ऐकू गेलं होतं.