आठवं बटण

“झोका गेला वर वर, मला माहेर दिसलं
बाजरीच्या कणसात माझं पाखरू बसलं…”

शेवगावच्या ओढ्याकाठी कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून मुक्तामावशी हे म्हणायची, तेव्हा झोका द्यायला आलेल्या बाया झोका द्यायचं विसरायच्या. आवाज काही गोड नव्हता तिचा. खरबरीत होता, तव्यावर राहून गेलेल्या भाकरीसारखा. पण वर चढता चढता तो कुठंतरी ओला व्हायचा. “पोरी, घसा आवळून म्हनू नगं,” खाली उतरून ती लहानग्या जयमालाला सांगायची. “कुनाला आवडंल, कुनाला न्हाई, ह्ये झोक्यावर चढल्यावर बघायचं नसतंय.”

मावशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आवाज जयमालाच्या कानात राहिला, आणि कानातच राहिला. ओठावर यायला त्याला नवऱ्याच्या घरात जागा मिळाली नाही.

नवरा म्हणजे अमृतराव दरंदले. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात, शेतकी ऑफिसात क्लार्क. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात जयमाला भाकरी थापता थापता गुणगुणली, तर या गृहस्थांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, “हळू. कॉलनी आहे ही. लोकांना वाटायचं कुठली आडगावची केलीय.” स्वतः अमृतराव शेवगावच्याही पलीकडचे, जिथं मुक्कामाची एसटीसुद्धा कुरकुरत जायची. पण ते त्यांनी कधीच पुसून टाकलं होतं. जयमाला गप्प झाली. भांडली नाही, रडली नाही. फक्त हा माणूस तिच्या मनातून उतरला. आणि एकदा उतरलेल्या माणसाला रोज वेळेवर चहा देणं किती सोपं असतं, हेही तिला त्याच वर्षी कळलं.

सत्त्याण्णव साली कॉलनीत केबल आली. मच्छिंद्र नावाच्या खटपट्या माणसानं स्टँडमागच्या खोलीवर छत्री बसवली, कारखान्याच्या खांबांवरून वायर ओढली आणि घराघरात सोडली. वीस-बावीस चॅनल दिसायला लागले. अडचण एवढीच, की कॉलनीतल्या बहुतेक टीव्हींना बटणं आठच. बटणांखाली एक झाकण, झाकणाआड आठ बारीक चाकं. चाक फिरवत राहायचं. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि मग एकदम कुणाचा तरी चेहरा. तो चेहरा त्या बटणाचा. तेव्हा बाविसातले कुठले आठ ठेवायचे हा प्रश्न घरोघर पडला. लोकांनी तो आपापल्या आवडीनं सोडवला असता. पण अमृतराव होते ना.

“बघण्यालायक काय आहे ते मी लावून देतो,” ते म्हणाले, आणि टीव्हीसोबत आलेली चाक फिरवायची प्लास्टिकची पिन शर्टाच्या खिशाला पेनाशेजारी अडकवून फिरायला लागले. न बोलावता जायचे. चहा मात्र सांगून घ्यायचे. पहिल्या बटणावर दूरदर्शन, दुसऱ्यावर इंग्रजी बातम्या, तिसऱ्यावर शेअरचे भाव, चौथ्यावर गोल्फ. गोल्फ का, तर चीफ अकाउंटंट साहेबांच्या बंगल्यावर फाईल घेऊन गेले असताना तिथं गोल्फ चालू होता. साहेब तेव्हा आत अंघोळीला गेलेले होते, ही गोष्ट अमृतरावांनी विचारात घेतली नाही. बॉयलरवर राबून आलेली माणसं संध्याकाळी पाय पसरून गोल्फ बघायला लागली.

“ह्ये पांढऱ्या टोपीवालं मघापासून गवतात काय हुडकतंय?” शेजारच्या बनुबाईंनी विचारलं. बनुबाई सत्तरीच्या, तोंडाच्या फटकळ, अमृतरावांना अरे-तुरे करणाऱ्या कॉलनीतल्या एकट्याच.

“बनुआत्या, हा क्लास गेम आहे. बघत जा, हळूहळू कळेल.”

“आरं कळंल, पन तवर मी ऱ्हायले पायजे की.”

इंग्रजी चॅनल लावला की अमृतराव शेजारी उभं राहून अर्थ सांगायचे. पडद्यावर सिंहीण हरणाच्या मानेवर बसलेली असायची आणि हे सांगायचे, “तो म्हणतोय, मादी आता दमलीय, विश्रांती घेतेय.” सांगता सांगता ते जयमालाकडे बघायचे. जयमाला मान हलवायची. ती मान हलली की खोलीत सगळ्यांना पटायचं, कारण जयमाला उगीच बोलणारी बाई नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरी मात्र इंग्रजी बातम्या लागल्या की पाचव्या मिनिटाला अमृतरावांची हनुवटी छातीला टेकायची. एकदा तिनं सहज विचारलं, “काय म्हणाली हो ती बाई?” तर ते उखडले, “सारखं मध्ये मध्ये बोलू नकोस, लिंक तुटते.” कसली लिंक, ते तिला तेव्हाच कळलं. तेव्हापासून ती मान हलवत आली होती. नवऱ्याची लाज झाकायची हे तिला माहेरून शिकवलेलं, म्हणून, प्रेमानं नव्हे. दारात पडलेलं चिंधूक पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून आपण पायानं बाजूला सारतो, तेवढ्याच आपलेपणानं.

आठवं बटण तेवढं बायांनी राखलं होतं. त्यावर मच्छिंद्रचं स्वतःचं चॅनल होतं. दुपारी कॅसेटवर जुना सिनेमा, मध्येच कुणाच्या नातवाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कधी “तांबड्या रंगाची, डावं शिंग मोडलेली म्हैस हरवली आहे” अशी पाटी. बाया त्यावर जीव टाकायच्या, कारण त्यात दिसणारी माणसं ओळखीची असायची.

त्या श्रावणात पंचमीला शेतकी ऑफिसमागच्या चिंचेला झोका बांधला आणि मच्छिंद्र कॅमेरा घेऊन आला. बायांच्या पंचमीला पुरुष फिरकत नाहीत. मच्छिंद्रचीही मान सारखी खाली होती, कॅमेरा तेवढा वर. एकेक बाई झोक्यावर चढली, एकेक ओवी म्हणून उतरली. “जयमाले, तू चढ की गं,” बनुबाई म्हणाल्या, आणि जयमाला का कोण जाणे, चढली. पदर खोचला, दोर धरले. झोका वर गेला, कारखान्याची चिमणी खाली आली, आणि इतकी वर्षं कानात दडलेला तो आवाज कुणाला न विचारता तोंडातून बाहेर पडला. मावशीची ओवी झाली, मग जयमालाची स्वतःची, मग आणखी एक, जी तिला स्वतःलाही माहीत नव्हती:

“झोका माझा आभाळात, दोर कुनाच्या हातात
सई, सोड गं मोकळा, वारं भरलं गळ्यात…”

ती खाली उतरली. बनुबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, “लबाडे, इतकं दिस कुठं ठिवलं हुतंस ह्ये?”

“येत्या रविवारी चार वाजता लावतो,” मच्छिंद्र म्हणाला. “वहिनी, तुमचं पुरं लावनार. एक शब्द कापनार न्हाई.”

जयमालानं घरी काही सांगितलं नाही. चोरून आणलेली बोरं खिशात जपावीत तसा तो रविवार तिनं आठवडाभर जपला. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे तिला एकदा, एकदाच ऐकायचं होतं. त्यात मावशी आहे की नाही, ते बघायचं होतं.

आणि गुरुवारी अमृतराव ऑफिसातून आले ते उजळलेला चेहरा घेऊनच. “साहेब म्हणाले, प्राण्यांचं एक नवीन चॅनल आलंय, चोवीस तास. अप्रतिम. आज सगळ्यांना लावून देतो.”

“बटण कुठंय रिकामं?” जयमालानं विचारलं.

“आठवं आहे की. तो मच्छ्याचा कचरा काढून टाकतो.”

तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. “राहू द्या ना ते. बायका बघतात.”

“काय बघतात? हरवलेल्या म्हशी? अगं, लोकांची टेस्ट कुणीतरी सुधारायला नको?”

तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगितल्यावर काय होईल तेही तिला पाठ होतं. आधी कपाळाला हात, मग “साहेबांच्या मिसेसनी बघितलं तर”, मग मच्छिंद्रला निरोप, आणि ती कॅसेट पुन्हा कुणाला दिसली नसती. तिनं ताट मांडलं. अंधार पडायच्या आत अमृतरावांनी कॉलनीतल्या त्यांच्या चाळीतलं एकेक घर घेतलं आणि एकेका घरातून आठवं बटण स्वच्छ केलं. लोकांनी करू दिलं. चहासुद्धा दिला. ज्या माणसाच्या तोंडी साहेबांचं नाव दिवसातून दहादा येतं त्याला नको म्हणायचं कसं, ही त्या कॉलनीची रीत.

शनिवारी ती मच्छिंद्रकडे गेली. तो डोकं खाजवत म्हणाला, “वहिनी, मला बी वाईट वाटतंय. पन माझी वायर हाय कारखान्याच्या खांबावर. दरंदलेसाहेबांनी काढलेलं मी परत लावलं, आन् त्यांनी वर काही सांगितलं, तर? मी कॅसेट लावनार. बघनारं कुनी असो नसो.”

बघणारं कुणी असो नसो. परतताना हे वाक्य चपलेत शिरलेल्या खड्यासारखं तिला टोचत राहिलं. चारला तिचा आवाज वायरीतून सगळ्या चाळीच्या दारापर्यंत येणार, आणि दारं त्या नव्या चॅनलच्या हत्तींनी अडवलेली.

रविवारी जेवणं झाली आणि अमृतराव इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. साहेबांना चहाला आणायचं होतं. नवीन चॅनल आपल्या घरी किती लख्ख दिसतं ते दाखवायचं होतं. “बिस्किटं बशीत मांडून ठेव. पुडा समोर नको आणूस,” एवढं सांगून पिनेसकट गेले.

चार वाजत आले तसं जयमालानं दार लोटलं. टीव्हीपुढं गुडघे टेकले, झाकण उघडलं, केसातला आकडा काढला आणि शेवटच्या चाकाच्या खाचेत घातला. हत्ती थरथरला, लांब झाला, मुंग्यांत विरून गेला. मग मुंग्याच मुंग्या. कुठलीशी परदेशी बाई आली, गेली. पुन्हा मुंग्या. आणि मग हलत, खाकरत, मच्छिंद्रच्या चॅनलवरची गणपतीची तसबीर समोर येऊन उभी राहिली. जयमालानं मागच्या भिंतीवर थाप मारली. “बनुआत्या! या! समद्यांना घेऊन या!”

घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाया फरशीवर, पलंगावर, उंबऱ्यात. चिंच दिसली तसा गलका झाला, “आगं बया, मी बघ किती जाड दिसतीय!” मग झोक्यावर जयमाला आली आणि गलका आपोआप बसला. चित्रात पाणी पडल्यासारखं झालेलं, चेहरा कधी दिसे, कधी झोक्यासोबत वर निघून जाई. आवाज मात्र सरळ येत होता. जयमाला भिंतीला टेकून उभी होती. वर चढता चढता तो आवाज एका जागी ओला झाला, आणि तिनं डोळे मिटले.

तेवढ्यात दारात अमृतराव. मागं साहेब.

“हे काय चाललंय? कुणी लावलं हे?” अमृतराव बायांच्या डोक्यांवरून ओरडले. “सॉरी साहेब, काय सांगू, कितीही सांगा, या लोकांना हेच लागतं. कोण ही? पोटात दुखतंय का काय बाईच्या?”

बाया जयमालाकडे बघायला लागल्या, आणि जयमाला पडद्याकडेच बघत राहिली.

“दरंदले, थांबा जरा,” साहेब चप्पल काढता काढता म्हणाले. “ऐकू द्या.”

ओवी संपेपर्यंत साहेब उंबऱ्यातच उभे राहिले. संपल्यावर म्हणाले, “सुरेख. फार दिवसांनी असं काही कानावर पडलं. कोण आहेत या?”

अमृतरावांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले, तेवढ्यात माणूस बदललेला होता. “तेच तर मी कॉलनीत सगळ्यांना सांगतोय साहेब! बघायचं तर हे बघा. आपली लोककला! ते हत्ती-घोडे काय, कुठंही दिसतील.”

“आरं मुडद्या,” बनुबाई पलंगावरून कडाडल्या, “तुजीच बायकू हाय ती!”

साहेबांनी वळून जयमालाकडे बघितलं. अमृतरावही वळले. पण तोंड काळवंडेल तर ते अमृतराव कसले? “म्हणजे काय! माझीच आयडिया. मीच म्हटलं हिला, चढ झोक्यावर, लाजू नकोस. घरात रोज आग्रह असतो माझा. पुढच्या रविवारी पुन्हा लावायला सांगतो मच्छिंद्रला, साहेब. घरोघर जाऊन सांगतो, आठव्या बटणावर हे बघाच म्हणून. काय गं?”

आणि त्यांनी नेहमीसारखं तिच्याकडे बघितलं. मान हलायची वाट बघत. सगळी खोली त्या मानेकडे बघत होती.

“नाही,” जयमाला म्हणाली.

आवाज तिनं चढवला नाही. झोक्यावरून चढवायचा तेवढा चढवून झाला होता.

“पंचमीला हे नव्हते, साहेब. यांनी मला गा म्हटलेलं नाही. पहिल्या श्रावणात गप्प बस म्हणाले, तेव्हापासून मी घरात गायलेच नाही. हे चॅनल यांनीच गुरुवारी घरोघर जाऊन काढून टाकलं. आणि ते हत्तींचं आवडतं म्हणून लावलं नव्हतं, तुम्ही बोललात म्हणून लावलं. यांना त्यातलं अक्षर कळत नाही. इंग्रजी येतच नाही यांना. मी मान हलवत आले, म्हणून तुम्हा सगळ्यांना वाटत आलं की येतं.” ती नवऱ्याकडे वळली. “आजपासून मान माझी मला लागेल. तुमचं तुम्ही बघा.”