भागीरथाबाईच्या हातची चटणी

सदाशिवराव गुरुजींच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण त्या जिभेला चव होती की नाही, हे अडतीस वर्षांत भागीरथाबाईंना कळलं नाही. वरण केलं तर पातळ, घट्ट केलं तर गोळा. पुरणपोळी केली तर ‘माह्या मायची पोळी पाहाले पाह्यजे होती तू’. बरं, टाकून दिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. हा माणूस नावं ठेवत ठेवत सगळं संपवायचा, वर ढेकर द्यायचा. अशा माणसापुढे बाईनं करावं तरी काय? भागीरथाबाई रोज दोन वेळा ताट वाढायच्या आणि रोज दोन वेळा त्याच्या तोंडाकडे बघायच्या. एकदा तरी ‘चांगलं झालं’ म्हणेल, एवढीच आस. सोनं नको, नाणं नको, एक शब्द हवा होता बिचारीला.

तो शब्द तिला मिळाला बालीत. कुठे त्यांचं गाव नालवाडी आणि कुठे समुद्रापारची बाली!

गुरुजी रिटायर झाल्यावर त्यांच्या जुन्या वर्गमित्रांनी टूम काढली, की आता परदेश बघायचा. अल्लीपूरचे बाबाराव आणि त्यांची देवकाबाई, हिंगणघाटचे प्रेमदास सर, आणि ही दोघं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या गुरुजींनी एकच अट घातली, ‘तिकडचं अन्न मी तोंडात घालणार नाई.’ म्हणजे काय, तर भागीरथाबाईंनी विजेचा कुकर, दोन किलो तांदूळ, डाळ, तिखट आणि मीठ बॅगेत भरलं. बाकीचे समुद्र बघायला गेले की ही बाई हॉटेलच्या खोलीत कुकरपाशी खिचडीची राखण करत बसायची. विमानात बसून गेली आणि चुलीपाशीच राहिली, दुसरं काय!

बाकीच्यांच्या तऱ्हा निराळ्याच. प्रेमदास सरांना काही वर्ज्य नव्हतं. रस्त्यावरच्या गाडीवर काडीला टोचून कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे शेंगदाण्याच्या रश्श्यात बुडवून खायचे आणि ‘आपल्या सावजी मटणाच्या पासंगाले नाई पुरत, पण बरं हाय’ म्हणत आणखी चार काड्या मागवायचे. बाबारावांनी तिथला परतलेला भात बघितला आणि कपाळावर हात मारला. ‘अबे, हा तर फोडणीचा भात! आमच्या घरी रात्रीचा उरला का सकाळी हेच.’ मग रोज तोच खाल्ला. टेम्पे नावाची वडी ताटात आली तेव्हा मात्र ते हबकले. सोयाबीनला मुद्दाम बुरशी चढवून केलेली वडी! ‘चाळीस वर्षं सोयाबीन पेरून राह्यलो मी. बुरशी लागलं का उकिरड्यावर टाकतो. आन् हे लोक तळून खातेत?’ पण चाखली आणि तीही आवडली. देवकाबाई मात्र आठवडाभर केळ्यांवर जगल्या. कुठलाही पदार्थ पुढे आला की वास घ्यायच्या आणि ‘बाप्पा बाप्पा’ म्हणून ताट सरकवायच्या.

चौथ्या दिवशी भागीरथाबाईंच्या खिचडीला काहीच रंगरूप येईना. वरून थोडा सांबार टाकला तर बरं दिसेल, म्हणून त्या खाली हॉटेलच्या मुदपाकखान्याच्या दारात गेल्या. आता सांबार म्हणजे आपल्याकडे हिरवी कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या माणसालाही सांगावं लागतं. बालीच्या स्वयंपाकीणबाईला काय कळणार? भागीरथाबाई म्हणाल्या, ‘सांबार, सांबार.’ ती बाई हसली, ‘साम्बाल?’ ‘हो ना माय, सांबार!’ आणि बाईनं तिकडे साम्बाल म्हणतात ती लालभडक चटणी वाटीभर हातावर ठेवली. परत कशी द्यायची, म्हणून भागीरथाबाई ती घेऊन वर आल्या आणि खिचडीशेजारी वाढली.

गुरुजींनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थांबले. मग अख्खी वाटी खिचडीत कालवली.

‘भागीरथा, काय केलं व तू हे? वा! अशी चटणी मी जलमात खाल्ली नाई.’

भागीरथाबाईंनी पळी खाली ठेवली. ‘ही माझी नाई, खालच्या बाईची हाय’ एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण अडतीस वर्षांचा उपाशी माणूस पुढे आलेलं ताट दुसऱ्याचं आहे म्हणून ढकलतो का? त्या म्हणाल्या, ‘आवडली ना? मंग झालं.’ संध्याकाळी गुरुजींनी बाबारावांना बोलावून सांगितलं, ‘आमच्या हिच्या हाताले इथं येऊन गुण आला.’ निघायच्या आदल्या दिवशी भागीरथाबाईंनी त्याच चटणीच्या दोन बरण्या दुकानातून आणल्या आणि लुगड्याच्या घडीत दडवल्या. बरणीवर एक चित्र होतं, लाल आणि वाकडं. मिरचीच असेल, दुसरं काय असणार, असं त्या समजल्या.

नालवाडीला आल्यावर त्या बरण्या वीस दिवसांत संपल्या. गुरुजींना भाकरीशी तीच, वरणभाताशीही तीच. येईल त्याला सांगायचे, ‘आमच्या घरी येजो जेवाले, हिच्या हातची चटणी खाऊन पाह्यजो.’ गल्लीत भागीरथाबाईंचा मान वाढला. आणि बाईची झोप उडाली. खोट्याला पाय नसतात म्हणतात, या खोट्याला तर बूडही राहिलं नव्हतं. दोन्ही बरण्या रिकाम्या!

मग दुपारी गुरुजी घोरायला लागले की भागीरथाबाई पाटा धुवायच्या. भिवापुरी मिरच्या भिजवून वाटल्या, त्यात लसूण, टमाटर, चिंच, गूळ घातला. रंग आला, वास येईना. रिकामी बरणी न धुता तशीच फळीवर ठेवलेली. झाकण उघडायच्या, हुंगायच्या, पुन्हा वाटायला बसायच्या. काहीतरी भाजलेलं, खमंग, जरा उग्र. काय असावं? तीळ भाजून बघितले, कांदा जाळावर भाजून बघितला, सुकं खोबरं काळं होईस्तोवर भाजलं. गुरुजी म्हणायचे, ‘आज हात बिघडला तुझा.’ सातदा बिघडला. आठव्या वेळी त्यांनी जवस भाजून, कुटून त्यात घातला, लसूण करपवला आणि तेलात सगळं बराच वेळ परतलं. चाखलं आणि खाली बसल्या. तिकडच्यासारखी नव्हती. पण अशी चटणी त्यांनीही जन्मात केली नव्हती.

त्याच आठवड्याच्या रविवारी गुरुजींनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. बाबाराव, देवकाबाई आले, प्रेमदास सर आले. भागीरथाबाईंनी भाकरी, झुणका, वरण केलं आणि प्रत्येकाच्या ताटात ती चटणी वाढली.

गुरुजींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. ‘घ्या! मी सांगत होतो का नाई? तेच ते! बालीची चव नालवाडीत!’

दोनदा मागून घेतली त्यांनी. तिसऱ्यांदा वाटीच पुढे केली. भागीरथाबाई दारात उभ्या होत्या. आज तो शब्द उधारीचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी तिखटावर ढकललं.

तेवढ्यात देवकाबाई भाकरी आणायला आत गेल्या आणि हातात बरणी घेऊन बाहेर आल्या.

‘भागीरथाबाई, ही तं तिकडची बरणी! आन् याच्यावर हा झिंगा काऊन काढला व?’

बाबारावांनी चष्मा लावला. ‘झिंगाच हाय.’

प्रेमदास सर बरणी बघून बोलून गेले, ‘असणारच. तिकडच्या चटणीत सुके झिंगे कुटून टाकतेत. मी रोज खाल्ली ना.’

गुरुजींचा घास हातात राहिला. एका हाताने त्यांनी माळ धरली आणि दुसरा हात झटकत मोरीकडे धावले. चूळ भरली, घसा खाकरला, पुन्हा चूळ भरली. ‘बाटवलं! बायकोनंच बाटवलं मले!’

भागीरथाबाई पुढे आल्या. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत बोलल्या. ‘तिकडं खाल्ली ते त्या बाईची होती. दोन बरण्या बी तिकडच्याच. मले त्याच्यात झिंगा हाय हे ठाऊक नव्हतं, देवाची आण. चित्रातली मिरची वाटली मले. तुम्ही चांगलं म्हटलं, मंग मी बोलली नाई, चुकलं माझं. पण बरणी कवाचीच सरली. आज ताटात हाय ते माझ्या हातचं हाय. मिरची, लसूण, जवस. दुसरं काई नाई.’

प्रेमदास सरांनी पुन्हा बोट चाटलं. ‘खरं हाय गुरुजी. झिंग्याची चव मले माहीत हाय, याच्यात ते नाई. वैनीनं आपल्या डोक्यानं केली ही. आन् मी तं म्हणतो, तिच्यापरीस चांगली केली.’

गुरुजी धोतराला हात पुसत आले आणि पाटावर बसले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गुरुजींनी चटणीवर बोट टेकवलं, जिभेला लावलं आणि मान हलवली.

‘तरीच! पहिल्या घासालेच मले वाटलं होतं, काहीतरी कमी हाय.’

मग बाबारावांकडे वळून ते म्हणाले, ‘आन् परदेशात अजाणता पोटात गेलं, त्याचा दोष लागत नाई. भागीरथा, हे राहू दे, दही आण थोडं.’

भागीरथाबाईंनी दही आणून वाढलं. गुरुजींच्या पुढची चटणीची वाटी उचलली, आत गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहून कोरड्या भाकरीशी ती सगळी खाल्ली. चटणी चांगली झाली होती. खरोखरच चांगली झाली होती, आणि त्याचंच त्यांना जास्त रडू आलं.