डावीकडचं वजन

दोन इंजिनांचा हट्ट तिचाच. नवऱ्याच्या मनात एकच मोठं इंजिन भरलं होतं. वजनाला हलकं, पेट्रोल बेताचं पिणारं, आणि नुसता हात लावला की बोट झेप घेणार. तिनं एवढंच विचारलं, की पाण्याच्या मधोमध ते बंद पडलं तर काय करायचं. तो म्हणाला, नवीन इंजिन असं कसं बंद पडेल. ती म्हणाली, बंद पडलेलं प्रत्येक इंजिन कधी ना कधी नवीनच होतं. यावर त्यानं विनोद केला.

"नशीब माझं. लग्नात राखीव नवरा मागितला नाहीस."

"तेव्हा एवढी अक्कल नव्हती," ती म्हणाली.

त्याची बदली जलाशयाच्या पलीकडच्या काठावर, पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात झाली होती. तिथं राहायला घर मिळणार होतं, पुढे अंगण, मागे पेरूची दोन झाडं. पण बालवाडी, दवाखाना, बाजार सगळं अलीकडे. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या पाण्याला वळसा घालायचा. म्हणजे बोट आलीच. म्हणजे तीन वर्षांची ढब्बू रोज सकाळी बोटीतून बालवाडीला येणार आणि रोज दुपारी बोटीतून घरी जाणार. हे ठरल्यापासून तिची झोप उडाली होती. ढब्बूच्या लाइफ जॅकेटची एकेक शिवण तिनं नखानं ओढून पाहिली होती. सासूबाई म्हणायच्या, हिला ग्लासभर पाण्यातसुद्धा कुणीतरी बुडताना दिसतं. म्हणायच्या खऱ्या, पण काठावर आल्यावर नातीच्या मनगटावरची त्यांची पकडही सैल होत नसे.

इंजिनवाल्या गृहस्थांना सगळे फिरकी काका म्हणत. आलेल्या गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय त्यांना इंजिन विकताच येत नसावं. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये लोखंडी घोड्यांवर इंजिनं उलटी-सुलटी टांगलेली, भिंतीवर खिळ्यांना, पाणी कापून बोट पुढे ढकलणारे, लहानमोठे पितळी आणि काळे पंखे लटकवलेले, आणि मधोमध पाण्यानं भरलेलं एक पिंप. त्यात इंजिनाचं शेपूट बुडवून काका ते सुरू करत आणि पिंपातलं पाणी खवळलं की समाधानानं मान हलवत. दोन इंजिनं हवीत हे ऐकल्यावर ते नवऱ्याला म्हणाले, की वहिनींचं ऐका, माझ्या घरीही दोन इंजिनं आहेत, एक बायको आणि एक तिची आई, एक थकली की दुसरी सुरू होते. सासूबाई हसल्या नाहीत. ती हसली, आणि हसता हसताच विचारलं, की दोन्ही इंजिनं एकाच टाकीतलं पेट्रोल पिणार असतील तर टाकीत पाणी गेल्यावर दोन्ही एकदमच मरतील ना.  काका म्हणाले, दोन टाक्या लावून देतो.

बोट जुनी होती. मजबूत, रुंद बुडाची, पांढरी, कडेनं निळा पट्टा. आधीच्या मालकानं आपलं इंजिन तेवढं काढून नेलं होतं आणि बोट काकांकडे टाकली होती. का, असं तिनं विचारलं. काका म्हणाले, घाई होती म्हणाला, कसली ते त्यालाच ठाऊक. मधे एकदोघांनी एका इंजिनावर फिरवून पाहिली, त्यांना जरा जड वाटली. बुडाला शेवाळ असेल म्हणून काकांनी ती घासून घेतली होती.

पहिल्या फेरीला तिघंच निघाले. नवरा मधोमध स्टिअरिंगवर, काका मागे इंजिनांपाशी, ती उजव्या बाकावर. ढब्बूला तिनं काठावर सासूबाईंजवळ ठेवलं होतं. स्वतः बसून बघितल्याशिवाय मुलीला बोटीत पाय ठेवू देणार नाही, असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. दुपार होती. वारा पडलेला. पाणी इतकं स्थिर, की पलीकडचा काठ त्यात उलटा, जसाच्या तसा दिसत होता.

नवऱ्यानं दोन्ही थ्रॉटल एकत्र पुढे ढकलले. बोटीचं नाक वर आलं, मग ती पाण्यावर आडवी झाली आणि सुसाट निघाली. नवऱ्याचा चेहरा शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा झाला. ती मात्र समोरच्या दोन काट्यांकडे बघत होती. दोन इंजिनं, आणि प्रत्येकाच्या फिरण्याचा वेग दाखवणारे दोन काटे. उजवा काटा भराभर चढला आणि जिथं पोचायचा तिथं पोचला. डावा खालीच अडकला.

काकांनी बोट थांबवायला लावली. बोट थांबली तशी सगळ्यांच्याच लक्षात आलं, की ती डावीकडे कललीय. थोडी नाही, चांगली कललीय. डावी बाजू खाली म्हणून डावं इंजिन पाण्यात खोल, आणि खोल म्हणून त्याला ओझं जास्त, असं काकांनी समजावलं. कारण साधं होतं. उपायही साधा असायला हवा होता.

धक्क्याला लावून त्यांनी बुडाची बुचं काढून पाहिली. आत पाण्याचा थेंब नव्हता. बॅटरी डावीकडे होती, ती उजवीकडे हलवली. पुन्हा फेरी. बोट डावीकडेच. इंजिनांची अदलाबदल केली, त्यात तासभर गेला. आधी चांगलं पळणारं इंजिन डावीकडे गेलं होतं आणि आता तेच मागे पडू लागलं. पंखे बदलले. काही फरक नाही. काकांचे विनोद हळूहळू कमी होत बंद पडले.

"एक इंजिन असतं तर हे कळलंसुद्धा नसतं," नवरा म्हणाला. त्याला ते गमतीचं वाटत होतं.

तिला वाटलं नाही. ती उठून डाव्या बाकाशी गेली. बोटीतले सगळे बाक उन्हानं तापले होते, हात ठेवला तर चटका बसेल असे. डाव्या बाकाच्या मागच्या टोकाला तिनं तळहात टेकवला. रेक्झिन गार होतं. एक माणूस बसेल एवढीच जागा गार होती, तिच्या पुढचं-मागचं तापलेलं. सावली कशाची पडत होती का, हे तिनं वर बघून तपासलं. वर नुसतं आकाश होतं. तिनं नवऱ्याला बोलावून हात लावायला सांगितला. त्यानं लावला, आणि म्हणाला, की शिंतोडे उडाले असतील. रेक्झिन कोरडं होतं. तिनं हात काढून घेतला. आपण काळजी करतो तेव्हा आपल्याला काय काय दिसतं, हे तिला ठाऊक होतं. ढब्बूच्या जन्मानंतर कितीतरी दिवस ती मध्येच उठून तिचा श्वास चालू आहे ना हे बघत असे, आणि दर वेळी चालू असे.

काकांच्या शेडचा एक नियम होता. पंखा कुठला हे शेवटी खऱ्या वजनावर ठरायचं. बाकीचे लोक वाळूच्या गोण्या ठेवून चाचणी घेत, काकांना ते पटत नसे. गोणी चुळबुळ करत नाही, माणसं करतात, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना रोज बोटीतून जायचंय ती सगळी माणसं बसवायची आणि मग थ्रॉटल पूर्ण द्यायचा. इंजिन पुरेसं फिरलं तर पंखा बरोबर. नवरा म्हणाला, की ढब्बूचं वजन ते काय, तिला राहू दे. पण तिला अर्धवट चाचणी नको होती. रोज जी बसणार तिलाच सोडून हिशेब करायचा, हे कसलं शहाणपण. तिनंच ढब्बूला जॅकेट घातलं, पट्टे आवळले, आणि तिनंच तिला उचलून आत घेतलं. सासूबाई काठावरच थांबल्या. त्यांना पाण्यातून जायचं नव्हतं, त्या बसनंच येणार होत्या.

पुढच्या बाकावर, अगदी मधोमध, तिनं ढब्बूला बसवलं आणि स्वतः आधीसारखीच उजव्या बाकावर बसली, हात लांब करून मुलीच्या जॅकेटची मूठ धरून.

बोट सरळ झाली.

अजून इंजिनंही सुरू झाली नव्हती. धक्क्यालाच बांधलेली बोट संथपणे डावीकडून उठली आणि पाण्यावर सपाट बसली. काका "अरे वा" म्हणाले. मग निघाले, थ्रॉटल दिला, आणि दोन्ही काटे जोडीनं चढत गेले, जोडीनं थांबले, जिथं थांबायला हवं तिथंच. नवरा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, की बघ, आपली ढब्बूच काय ती कमी होती. काकाही सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, झालं, हीच जोडी, हेच पंखे.

तिनं मनात हिशेब मांडला. ढब्बू बारा किलोची. ती बसली मध्ये. मध्ये ठेवलेलं बारा किलो डावी बाजू उचलत नाही. डावी बाजू उचलली जायला डावीकडचं वजन उठून जायला हवं. उठून कुठं?

वेग कमी करायला सांगून तिनं ढब्बूला उचललं आणि आपल्याजवळ, उजवीकडे घेतलं. बोट उजवीकडे कलली. बारा किलोनं कलावी तशी नाही, मोठं माणूस जवळ येऊन टेकावं तशी. तिच्या दंडाला उन्हात गारवा लागला.

तिनं ढब्बूला छातीशी धरलं आणि पुढे गेली, नाकापर्यंत, जिथून पुढे जाता येत नव्हतं. का गेली हे तिला नंतरही सांगता आलं नाही. लांब जायचं होतं, आणि बोटीत लांब असं तेवढंच होतं. ती टोकाला पोचली आणि नाक खाली गेलं. पाणी कडेपर्यंत आलं. मागची बाजू उचलली, पंखे पाण्याबाहेर आले आणि दोन्ही इंजिनं एकदम किंचाळली. काकांनी झडप घालून ती बंद केली. एकाएकी इतकी शांतता झाली, की ढब्बूचा श्वास ऐकू येत होता. ढब्बू घाबरली नव्हती. आईच्या खांद्यावरून शेजारी बघत होती.

नवऱ्याचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. त्याला तिथून नाक दिसत होतं, नाकाशी बसलेली सडपातळ बायको आणि तीन वर्षांची मुलगी दिसत होती, आणि बोटीच्या कडेपर्यंत आलेलं पाणी दिसत होतं. त्याला वजनं कळत होती. त्यानं विनोद केला नाही.

"मध्ये ये," तो हळू आवाजात म्हणाला. "सावकाश. मध्ये येऊन बस."

त्यानं बोट परत वळवली. एकच इंजिन, अगदी मंद. ती मधोमध बसली होती आणि बोट सपाट चालली होती, इतकी सपाट, की मागे पाण्यावर उमटणारी रेघसुद्धा आखल्यासारखी. ढब्बूला तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं. काका तिच्याकडे बघायचं टाळत होते.

धक्क्याला लागल्यावर काकांनी उतरून दोर बांधला. नवरा उतरला. तिनं ढब्बूला वरच्या वर सासूबाईंच्या हातात दिलं आणि मागोमाग स्वतः उतरली. वळून पाहिलं तर रिकाम्या बोटीची धक्क्याकडची कड खाली चालली होती. हळूहळू. धक्क्यावर उतरण्याआधी माणूस कडेवर पाय ठेवून भार देतं, तशी.

"आई, तिला घेऊन चला," ती म्हणाली. "पक्क्या जमिनीवर. थांबू नका, मागं बघू नका."

सासूबाईंनी एरवी दहा प्रश्न विचारले असते. सुनेचा चेहरा बघून त्यांनी एकही विचारला नाही. नातीला कडेवर घेऊन त्या चालू लागल्या, गुडघे दुखत असूनही भराभर.

तिनं दोर सोडला. गाठ ओली होती, नखं दुखली, पण सुटली. मग धक्क्यावर खाली बसून तिनं दोन्ही पाय बोटीच्या निळ्या पट्ट्यावर रोवले आणि जीव खाऊन ढकलली. बोट जड होती. ती जागची हलेना. मग शेजारी नवरा येऊन बसला, काही न विचारता, आणि त्यानंही पाय लावले.

बोट सुटली. मधलं पाणी हातभर झालं, मग पुरुषभर, मग उडी मारता येणार नाही इतकं. तेवढं झाल्यावर तिनं श्वास सोडला.

"इंजिनं माझी आहेत, वहिनी," काका मागून म्हणाले. पण दुसरी बोट काढायला ते हलले नाहीत.

वारा नव्हता. ढकलल्याच्या जोरानं बोट दूर जात होती आणि जाता जाता स्वतःभोवती संथ फिरत होती. आधी तिची उजवी बाजू काठाकडे होती, आणि उजवी बाजू खाली होती. मग इंजिनं काठाकडे आली, आणि मागची बाजू खाली गेली. मग डावी बाजू वळून समोर आली, आणि आता डावी खाली होती. बोट फिरत राहिली आणि जी कड काठाच्या बाजूला येई ती खाली जाई. तिघंही ते बघत होते आणि तिघांनाही ते समजत होतं.

"ते घर नको," ती म्हणाली.

बदली रद्द करून घ्यायची म्हणजे साहेबांच्या पाया पडायचं, कदाचित नोकरीवरच पाणी सोडायचं. हे सगळं नवऱ्याच्या चेहऱ्यावरून सरकून गेलेलं तिनं पाहिलं. त्यानं पाण्याकडे बघतच मान हलवली.

"नको," तो म्हणाला.

काठाच्या रस्त्यावर सासूबाई आणि ढब्बू बारीक होत चालल्या होत्या. रस्ता पाण्याला लागूनच जात होता, वळणावळणानं, पार बसथांब्यापर्यंत. तिनं पुन्हा बोटीकडे पाहिलं. बोट आता फिरायची थांबली होती. खाली गेलेली कड धक्क्याकडे नव्हती, तिघांच्या दिशेला नव्हतीच. ती त्या रस्त्याच्या बाजूला होती, आणि जशा त्या दोघी पुढे जात होत्या तसा बोटीचा कलही पुढे सरकत होता.

तिनं फोन लावला. सासूबाईंनी उचलेपर्यंत तिची नजर बोटीवरून हलली नाही.

"आई," ती म्हणाली, शक्य तितक्या साध्या आवाजात, "काठाचा रस्ता सोडा. आतल्या गल्लीनं जा. पाणी दिसत नाही तिथून."